मातीच्या मैदानाचं उद्घाटन

नारायण पेठेतल्या एका मराठी शाळेच्या मागच्या बाजूला मी एक मैदान तयार केलं आणि पुढे ते मीच घालवलं. दोन्ही कामं मी सारख्याच उत्साहाने केली. पहिल्याला कित्येक महिने लागले. दुसरं एका सकाळी उरकलं, मधला अल्पोपाहार धरून.

माझा धंदा बागा आखून देण्याचा. बहुतेक काम खराडीच्या बाजूला: कंपन्यांची आवारं, सोसायट्यांची हिरवळ, पार्किंगच्या कडेने लावायची झुडपं. काम चांगलं चालतं, पण कॉलेजात असताना मी पाच वर्षं नाटकं केलेली. टाळ्यांची चटक लागलेल्या बाईने लॉनच्या धंद्यात पडू नये. लॉन कितीही सुंदर लावा, माणसं त्यावरून मोबाईल बघत निघून जातात. त्यामुळे या शाळेच्या बालवर्गाच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी फोनवरच रंगात आले.

"आमच्याकडे मागे मोकळी जागा आहे," बाई म्हणाल्या. "तिला मैदान म्हणतात. मुलं तिथे खेळत नाहीत. का खेळत नाहीत, ते बघून सांगाल का?"

मी जागा एकदा पाहिली आणि चार दिवसांत रंगीत नकाशा घेऊन हजर झाले. नकाशात अनवाणी चालायची वाट होती, बांबूची कमान होती, एक गोल होता आणि त्या गोलाला मी 'अनुभव-वर्तुळ' असं नाव दिलं होतं. बाईंनी कागद टेबलावर पसरला. कोपरे उडू नयेत म्हणून एकावर डस्टर, एकावर खडूंचा खोका ठेवला आणि चष्मा वर करून बराच वेळ पाहिला.

"रंग छान भरलेत," त्या म्हणाल्या.

पुण्यात वाढलेल्या माणसाला यानंतर नकाशा गुंडाळायचा असतो हे सांगावं लागत नाही. मी गुंडाळला.

"आता एक करा. आठवडाभर मधल्या सुट्टीत येऊन पायरीवर बसा. काही करू नका, नुसतं बघा. जमेल?"

"न जमायला काय झालं?"

"नाही, तुम्ही बोलता फार. म्हणून विचारलं."

मी बसले. शाळेच्या मागची ती जागा म्हणजे रोलर फिरवून घट्ट केलेला मुरूम, तीन बाजूंना इमारतींच्या पाठी आणि एका कोपऱ्यात करंजाचं झाड. शाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, रोज सकाळी खराट्याने ती जागा अशी झाडत की तिथे पापड वाळत घालावेत. मुलं डबे खाऊन बाहेर यायची आणि भिंतीला टेकून उभी राहायची. थोडी पळायची, पडायची, रडायची, परत भिंतीला.

तिसऱ्या दिवशी मला दिसलं. हात धुवायच्या नळांच्या मागे एक नळ गळत होता. तिथे जेमतेम सतरंजीएवढा चिखल झाला होता आणि त्या चिखलात अकरा मुलं उकिडवी बसली होती. दोघं धरण बांधत होती. एक मुलगी पानावर चिखलाचे गोळे ठेवून विकत होती आणि गिऱ्हाईकाला "सुटे द्या" म्हणून दटावत होती. एकजण नुसताच बोट बुडवून बसला होता, एखादा इंजिनियर पातळी मोजत असावा तसा. कुणी रडत नव्हतं. कुणी कुणाची तक्रार करायला बाईंकडे जात नव्हतं.

मी धावत बाईंना सांगायला गेले. त्या डबा पुसत होत्या.

"दिसलं का?" त्या म्हणाल्या. "मग तेवढंच मोठं करा."

मैदानाची सगळी योजना या एका वाक्यात होती. पुढे लोकांसमोर मी ती माझी म्हणून सांगितली, हे इथे लिहून टाकते.

मग आम्ही कामाला लागलो. नळांचं पाणी गटारात जायचं, ते एका उथळ पाटाने मैदानभर फिरवलं आणि शेवटी केळी, कर्दळ आणि अळूच्या वाफ्यात सोडलं. मुरूम उकरून चांगली माती आणली आणि एका बाजूला माझ्या कमरेइतकं टेकाड केलं. वादळात पडलेला एक गुलमोहर महापालिकेचा ट्रक घेऊन चालला होता. मी ट्रकच्या पुढे उभी राहून, एका हाताने छाती धरून, "हा मला द्या" असं म्हटलं. ड्रायव्हर इतका घाबरला की त्याने ओंडका शाळेपर्यंत आणून दिला. कुंपणाला लिंबू लावलं, कारण लिंबावर अळ्या येतात आणि अळ्यांची फुलपाखरं होतात. कढीपत्ताही लावला, तो मात्र मुलांच्या आधी शिक्षिकांनी संपवला.

सगळ्यात अवघड काम मामांचं मन वळवण्याचं होतं. बाईंचं म्हणणं, करंजाखालची पानं झाडायची नाहीत. पानांखाली गांडुळं येतात, पैसा किडा येतो, गोगलगाई येतात, आणि मुलं तासन्‌तास तिथे बसतात.

"पानं पडू द्यायची?" मामा म्हणाले. "बाई, चोवीस वर्षं झाडतोय मी हितं. उद्या कोन आलं तर म्हनंल, ह्यो मानूस पगार कशाचा घेतो?"

"कुणी म्हटलं तर माझं नाव सांगा," बाई म्हणाल्या.

"तुमचं नाव सांगून काय? खराटा माझ्या हातात हाय."

पण मामांनी ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, तर टेकाड पावसात खचू नये म्हणून त्यांनी गावाकडून, लोणीकाळभोरच्या बाजूने, हरळीच्या गड्ड्या पोत्यात भरून आणल्या आणि स्वतः लावल्या. पाटाला उतार किती द्यायचा हेही त्यांनीच सांगितलं. मी लेव्हल मोजायचं यंत्र घेऊन उभी होते. त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं आणि म्हणाले, "हे बघा, पानी सांगतंय की."

आणि मुलं? नकाशातली अनवाणी चालायची वाट मी हट्टाने घातलीच होती; मुलांनी ती उखडून तिचे दगड धरणाला लावले. मला फार आनंद झाला. पहिल्या दोन महिन्यांत मारामाऱ्या जवळजवळ थांबल्या. घरी फक्त हिंदी ऐकलेली एक मुलगी 'चिखल', 'बांध', 'फुटला' आणि 'ए, सरक' एवढं मराठी आठवड्यात शिकली. बाई मधल्या सुट्टीत ओंडक्याच्या एका टोकाला बसून चहा प्यायच्या, आणि चहा गरम असतानाच संपायचा. बालवर्गाच्या शिक्षिकेला विचारा, याचा अर्थ काय होतो.

सुरुवातीलाच बाईंनी मला एक अट घातली होती. "वर्षभर याबद्दल कुठे बोलायचं नाही. पेपरात नाही, फेसबुकवर नाही, संस्थेच्या सभेत नाही."

"का हो?"

"कपडे मळतात. पालक आत्ता तक्रारी करताहेत. मी रोज एकेकाला समजावतेय. एक वर्ष गेलं की त्यांना सवय होईल, मग ते स्वतःहून दुसऱ्यांना सांगायला लागतील. त्यानंतर हे कुणी काढू शकणार नाही. पण त्याआधी कुणा मोठ्या माणसाची नजर पडली, तर गेलं." मग म्हणाल्या, "मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. मी गेल्यावर हे राहायला हवं. बाकी मला काही नको."

हे त्यांनी मला मराठीत, स्पष्ट शब्दांत, एक मीटर अंतरावरून सांगितलं होतं.

आठव्या महिन्यात मी म्हणाले, "बाई, आपण छोटंसं उद्घाटन करू या का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ओंडक्यावर नीट सावरून बसले.

"आठ महिने मुलं खेळताहेत. आता उद्घाटन? अहो, बारसं झाल्यावर कुणी साखरपुडा करतं का?"

"अगदी छोटं. एक नारळ फक्त. मुख्याध्यापक सरांनाही आवडेल."

"तुम्ही सरांशी बोललात?"

मी बोलले होते. मला ते वर्ष फार कोरडं गेलं होतं. खराडीत एका कंपनीने माझं अख्खं तळं बुजवून त्यावर दुचाक्या लावल्या होत्या. इथे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम उभं होतं आणि ते पाहायला बालवर्गाची मुलं, मामा आणि एक खार एवढेच प्रेक्षक होते. मला पडदा उघडायला हवा होता. मुख्याध्यापक सर साधे, भित्रे आणि कार्यक्रमाचे भुकेले. पहिलीच्या तुकडीला मुलं कमी पडत चालली होती, त्यामुळे शाळेचं नाव कुठेही झालं तरी त्यांना हवं होतं.

उद्घाटन म्हटलं की आपल्याकडे नारळ एकटा येत नाही. नारळाबरोबर फीत येते, फितीबरोबर प्रमुख पाहुणे, पाहुण्यांबरोबर शाल, शालीबरोबर व्यासपीठ, आणि व्यासपीठ ठेवायला सपाट जागा लागते. पाहुणे म्हणून शाळेचे एक माजी विद्यार्थी ठरले, आता मोठे बांधकाम व्यावसायिक. व्यासपीठ कुठे ठेवायचं? सर म्हणाले, "टेकाड आहेच की, जरा वरचा भाग सारखा करू." केला. पाहुण्यांचे बूट भिजू नयेत म्हणून पाटाचं पाणी बंद केलं आणि त्यावर फळ्या टाकून लाल गालिचा पसरला. ओंडक्यासमोर शोभेच्या कुंड्या मांडल्या. त्या मी माझ्या नर्सरीतून, माझ्या टेम्पोतून, गाणं गुणगुणत आणल्या.

आणि मामांनी आदल्या संध्याकाळी करंजाखालची सगळी पानं झाडली. आठ महिने हात आवरलेला माणूस तो. पानांखालचं काळं, भुसभुशीत सगळं पोत्यांत भरून घंटागाडीत घातलं, पाणी शिंपडलं, रांगोळी काढली. मी "मामा, वा!" असं म्हणाले. खोटं कशाला सांगू, चकचकीत दिसत होतं.

बाई दाराशी उभ्या होत्या. त्या वर्गात परत गेल्या.

सकाळी मुलं आली. इस्त्रीच्या गणवेशात, डोक्याला तेल, दोन ओळींत. त्यांना त्यांच्याच मैदानावर सतरंज्या टाकून बसवलं आणि सरांनी माईकवरून सांगितलं, "आज कुणीही मातीला हात लावायचा नाही." एका मुलाने विचारलं, "का?" त्याला चिमटा बसला. खेळण्याच्या मैदानाचं उद्घाटन सुरू झालं.

माझा परिचय झाला. मग मी बोलायला उभी राहिले. काय बोलले मी! तो आवाज अजून माझ्या कानात आहे, कारण माझाच होता. मी थांबले, वळले, हात पसरले. मी म्हणाले, "बघा! काय आहे या लेकरांकडे? महागडी खेळणी नाहीत, घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. माती आहे, पाणी आहे आणि एक पडलेला ओंडका आहे. आणि एवढ्यावर ही मुलं रोज इथे खेळतात!" शेवटच्या वाक्याला मी आवाज भरून आणला. तो मला आणता येतो.

मला म्हणायचं होतं, यांच्याकडे सगळं आहे.

आता शाळेच्या कार्यक्रमांना बसलेल्या कुणालाही विचारा. आपल्याकडे प्रमुख पाहुण्यांसमोर, शाळेच्या व्यासपीठावरून, जे काही बोललं जातं ती मागणीच असते. कुणी 'आमच्या वाचनालयात चारशे पुस्तकं आहेत' असं म्हटलं, तर पाहुण्याला कळतं की कपाट हवंय. वर्षानुवर्षं हा शिरस्ता आहे. पाहुणा पेन घेऊनच येतो. हे न कळण्याइतकी मी नवखी नव्हते. पण बोलताना मी प्रेक्षकांकडे बघत होते, पाहुण्यांकडे नाही. शेवटी एकदा वळून पाहिलं तेव्हा पाहुणे रुमालाने डोळे टिपत होते आणि ते माझ्या अभिनयाने, असं मला वाटलं.

त्यांना समोर काय दिसत होतं? झाडून काढलेली उजाड जमीन, कोरडा पाट, अर्धं कापलेलं टेकाड, आणि सतरंजीवर हात मांडीत घेऊन बसलेली चाळीस मुलं.

ते उठले. माणूस चांगला होता हो, अडचण तीच आहे. म्हणाले, "मी याच मैदानावर गुडघे फोडून घेतलेत. आज ताईंचं ऐकलं आणि लाज वाटली मला. आम्ही शहरभर इमारती बांधतोय आणि आमच्या शाळेतली पोरं एका ओंडक्याशी खेळतायत! सर, दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं मैदान मी करून देतो. पेव्हर ब्लॉक, घसरगुंडी, वरती शेड. धूळ नाही, चिखल नाही. आणि ताई, तुम्ही डोळे उघडलेत, तुमचे आभार."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर उभे राहून टाळ्या वाजवत होते. पालक वाजवत होते. मामासुद्धा वाजवत होते.

मीही वाजवल्या. माझ्या हातांना वाक्य संपल्याचं कळलं, अर्थ नंतर पोचला.

बाई शेवटच्या रांगेत मुलांमध्ये बसल्या होत्या. त्यांनी हात मांडीतच ठेवले होते.

कार्यक्रमानंतर बटाटेवड्याच्या बशा फिरत असताना मी त्यांना गाठलं. "बाई, मी बघते. मी सरांशी बोलते. मी थांबवते हे."

"तुम्ही नका बोलू," त्या म्हणाल्या. "तुमच्या बोलण्याने काय होतं ते आत्ता बघितलं."

तरी मी बोललेच. सरांनी माझ्यापुढे हात जोडले. "मॅडम, या शाळेने आजवर कुणाची देणगी परत केलेली नाही. मी कोण करणार? आणि तुम्हीच तर मागितलंत!"

"मी मागितलं नाही हो!"

"अख्ख्या शाळेने ऐकलंय."

मग मी खराडीला पाहुण्यांच्या ऑफिसात गेले. त्यांनी काचेच्या केबिनमध्ये बसवून कॉफी दिली. मी चाळीस मिनिटं समजावलं, या वेळी हातवारे न करता. मैदान नको, ब्लॉक नको, आहे तेच पूर्ण आहे, ती माती हाच धडा आहे. ते शांतपणे ऐकत होते.

"ताई, संकोच करू नका," ते म्हणाले. "शाळेच्या लोकांना फार संकोच असतो. मी ओळखतो."

"अहो, खरंच नकोय."

"बघा, परत तेच. बरं, तुमचा तो ओंडका आवडतो ना? तो ठेवू. ऑइलपेंट मारून घेऊ, वाळवी लागणार नाही."

मी जितकं नाही म्हणाले, तितकी त्यांच्या नजरेत मी थोर होत गेले. निघताना त्यांनी मला त्यांच्या नव्या सोसायटीच्या बागेचं काम देऊ केलं. मी नाही म्हणाले. सहा महिन्यांनी हो म्हणाले. हेही लिहायला हवं.

बाईंनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी एक अर्ज लिहिला, 'मैदान आहे तसंच ठेवावं', आणि शाळा सुटताना दारात उभ्या राहून पालकांच्या सह्या मागितल्या. एक आई, जिचा मुलगा रोज टेकाडावर असायचा, पेन हातात घेऊन घुटमळली. "बाई, खरं सांगू? त्याला इथे यायला आवडायला लागलंय ते यामुळेच. पण आता ते फुकट चांगलं करून देतायत, तर आपण नको कसं म्हणायचं? आणि सोमवारचा युनिफॉर्म मंगळवारी घालता येईल हो." चाळीसांपैकी तेरा सह्या झाल्या. बाईंनी अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. "अजून चार महिने मिळते, तर चाळीस झाल्या असत्या," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

दिवाळीच्या सुट्टीत काम झालं. टेकाड एका डंपरमध्ये मावलं. मला वाटलं होतं, दोन तरी लागतील. पाटाच्या जागी पीव्हीसी पाइप आला. केळी काढाव्या लागल्या, कारण पाणीच नव्हतं. करंजाभोवती सिमेंटचा चौकोन झाला. लाल आणि राखाडी ब्लॉक, नागमोडी नक्षी. मामा सकाळी दहा मिनिटांत झाडून मोकळे व्हायचे आणि उरलेला वेळ फाटकापाशी स्टुलावर बसायचे. मी गेले की म्हणायचे, "ब्येस झालं ताई, धूळ न्हाई," आणि दुसरीकडे बघायचे.

जूनमध्ये नवी मुलं आली. बाईंच्या निवृत्तीला आता एकच वर्ष उरलं होतं. मी बरेच दिवस तिकडे फिरकले नव्हते. शेवटी एकदा मधल्या सुट्टीत गेले. मुलं दुःखी असतील, अशी माझी तयारी होती. तशी दृश्यं मला जमतात.

मुलं दुःखी नव्हती. त्यांना काही माहीतच नव्हतं. हिरव्या प्लास्टिकची एक घसरगुंडी होती आणि तिच्यासमोर चाळीस मुलांची रांग. एकजण वर चढायचा, घसरायचा, धावत परत रांगेच्या शेवटी यायचा आणि उभा राहायचा. ढकलाढकली, "बाई, हा मध्ये घुसला", "बाई, माझा नंबर होता", "बाई, ही दोनदा गेली". ब्लॉकवर आपटून फुटलेल्या गुडघ्यावर कुणाच्या तरी पट्टी होती. बाई घसरगुंडीच्या पायथ्याशी उभ्या होत्या, गळ्यात शिट्टी. ती सरांनी घेऊन दिली होती. एका हाताने त्या रांग सरळ करत होत्या, दुसऱ्या हातात चहाचा कप होता, वर साय धरलेला.

मी जवळ गेले. कितीतरी वाक्यं तयार करून आणली होती. माफीचीच होती सगळी, पण चांगली बांधलेली, थांबण्याच्या जागांसकट.

"बाई," मी म्हणाले, "मला तुमच्याशी जरा..."

"ए, धक्का नको. एकेक," त्या रांगेला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. समोर उभ्या असलेल्या पालकाकडे बघतात, तितकंच बघितलं.

"जरा बाजूला व्हाल का? तुम्ही मध्ये उभ्या आहात. मुलांना रांगेचा शेवट दिसत नाहीये."

मी बाजूला झाले. त्यांनी शिट्टी वाजवली आणि पुढचा मुलगा वर चढला.